हळदीकुंकवात वाटलेला शब्द

मी अंगणात तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, भाजी निवडत बसले होते, तेव्हा भोंग्याची गाडी गल्लीत शिरली. आमच्या तात्यापाऱ्यात, पारा म्हणजे इकडे मोहल्ला, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी वाद होतो, त्यात ही गाडी. भोंगा एकदम कानापाशी. आधी गाणं, मग घोषणा, मग पुन्हा गाणं. अन् मधेच ते वाक्य आलं. निवडून द्या, पुराने शहर का हाऊस टॅक्स आधा. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

माझा मुलगा आत लॅपटॉपवर काम करत होता. मी म्हटलं, "ऐकलं का रे, टॅक्स अर्धा करून राहिले." तो मान वर न करता म्हणाला, "मम्मी, हर बार बोलते हैं. ऐसा ही होता है." आमच्या घरात मी मराठीत बोलते अन् तो हिंदीत उत्तर देतो, त्याचं मला काही वाटेनासं झालं आहे. पण त्याच्या त्या 'ऐसा ही होता है'चा मला असा संताप आला की भाजीची पानं अन् देठं मी एकाच टोपल्यात टाकली.

रायपूरचा हिवाळा मला फार आवडतो. उन्हाळ्यात जे शहर भाजून काढतं, तेच पौषात इतकं मऊ होतं की अंगणातून उठवत नाही. सकाळी धुकं असतं, त्यात सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर मिसळलेला. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर बारीक काळी भुकटी बसते, ती फुंकून काढायची. बाजारात बोरं येतात, हिरवा हरभरा येतो, तिवरा येतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. अन् दर काही वर्षांनी ह्याच दिवसांत शहराची निवडणूक येते. बाकीच्यांना हिवाळ्यात काय आठवतं मला माहीत नाही. मला माझी आई आठवते, ह्याच घरातून हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार आमंत्रणाला निघालेली.

राज्य नवं झालं तेव्हाचा हिवाळा होता तो. सगळ्या शहराला ताज्या ऑइलपेंटचा वास येत होता. सरकारी पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' पुसून वर 'छत्तीसगढ़' लिहिणं चालू होतं, अन् घाईघाईत रंगवलेल्या पाट्यांवर खालची जुनी अक्षरं दिसत राहायची. लाल दिव्याच्या गाड्या इतक्या झाल्या की कोण कुठला साहेब ते पानवाल्यालाही सांगता येईना. आपलं गाव राजधानी झालं ह्याचा आनंद खरोखरच मोठा होता. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, कशानं हुरळून न जाणारे. तेसुद्धा नागपूरच्या काकांना फोनवर सांगत, "आता आम्ही राजधानीचे लोकं आहो, तुमच्यावानी उपराजधानीचे नाही." असे ते दिवस. त्या दिवसांत कोणी काहीही म्हटलं तरी लोकांना खरं वाटत होतं.

भैयाजी तेव्हा शहराच्या निवडणुकीला उभे होते. त्यांचं खरं नाव इथे कशाला, सगळा पारा त्यांना भैयाजीच म्हणायचा. पांढरा स्वेटर, कपाळाला गंध, बोलणं असं की समोरच्या बाईला वाटावं हा आपल्याच माहेरचा. त्यांनी सभेत जाहीर केलं, पुरान्या पाऱ्यांतल्या राहत्या घरांचा टॅक्स माफ. टाळ्या झाल्या. पण सभेतल्या टाळ्यांवर मतं पडत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. मतं बायकांच्या हातात असतात अन् बायका सभेला येत नाहीत. त्या हळदीकुंकवाला येतात.

आईचं हळदीकुंकू म्हणजे पाऱ्यातलं मोठं काम. आमची मराठी घरं थोडीच, पण आई सगळ्यांना बोलावायची. मारवाडी भाभी, सिंधी दीदी, कोपऱ्यावरची साहू बाई, सगळ्या यायच्या. त्या वर्षी भैयाजींच्या माणसांनी निरोप पाठवला, भाभीजींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, यायचं आहे. आईला त्यात वावगं काही दिसलं नाही. हळदीकुंकवाला यायचं म्हणणाऱ्या बाईला नको कसं म्हणणार. पाठोपाठ स्टीलच्या वाट्यांचं खोकं आलं, बायकांना वाण म्हणून लुटायला. त्या वाट्यांवर निवडणुकीचं चिन्ह चिकटवलं होतं. ते खोकं मात्र आईनं दारातूनच परत केलं. "वाण ज्याच्या घरचं, त्याच्या घरचंच लागते. दुसऱ्याचं वाण मी काहून वाटू?" ती म्हणाली. तिला वाटलं, आपण सावध आहोत.

भाभीजी आल्या. साध्या, गोऱ्या, डोक्यावरून पदर. आईनं त्यांना पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, अन् खण-नारळ-तांदळानं त्यांची ओटी भरली. मग त्या सगळ्या बायकांना म्हणाल्या, "ये बोले हैं, आपके पारे का टॅक्स माफ होगा. मैं इस घर में बैठके बोल रही हूँ, तो पक्का समझिए."

इथेच आई फसली. आमच्यात ओटी भरलेली बाई म्हणजे घरची लेक झाली. ती घरात बसून जे बोलते ते हवेत सोडून देण्याचं बोलणं नसतं. सभेतल्या भाषणावर आईनं विश्वास ठेवला नसता, ती इतकी भोळी नव्हती. पण कुंकू लावून घेऊन, मांडीवर नारळ घेऊन कोणी खोटं बोलेल हे तिच्या डोक्यातच येईना. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर सांगू लागली. कोणी शंका काढली की म्हणायची, "माह्या घरात बसून बोलली ना ते. मी जबाबदार." बाबा चिडले. "काहून तू त्या लोकाईच्या मधात पडून राहिली? तू का उमेदवार आहेस?" आई म्हणाली, "तुम्हाले नाही समजत." स्टीलच्या वाट्या तिनं परत केल्या, पण त्या वर्षी तिनं वाण म्हणून भैयाजींचा शब्दच वाटला.

समोरच्या घरात वत्सलाकाकू राहायच्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत गार्ड होते, लवकर गेले. फॅमिली पेन्शन अन् पुढच्या खोलीत टेलरचं दुकान, त्याचं भाडं, एवढ्यावर संसार. आईची अन् त्यांची अशी गट्टी की एकीच्या घरी वांगी भाजली तर दुसरीच्या घरी वाटी पोचलीच. काकू दरवर्षी घराचा टॅक्स वेळेच्या आधी भरायच्या. लवकर भरला की सूट मिळते, अन् मुख्य म्हणजे त्यांना कोणाचं देणं ठेवून झोप लागत नसे. त्या वर्षी आईच त्यांना म्हणाली, "थांबा ना थोडं. माफ होऊन राहिलं तर काहून भरता?" काकू थांबल्या. भैयाजींवर त्यांचा भरवसा नव्हता, आईवर होता.

भैयाजी निवडून आले. गुलाल उधळला, आमच्या दारावरही उडाला. मग काही महिने शांतता. मग म्हणे नव्यानं मोजणी होणार. टेप घेऊन माणसं आली, खोल्या मोजल्या, संडास मोजला, जिन्याखालची जागा मोजली. आता हे राजधानीचं शहर, तेव्हा दर राजधानीचे. टॅक्स माफ तर नाहीच झाला, वाढला. अन् ज्यांनी वाट पाहत भरला नव्हता, त्यांना वरून दंड.

वत्सलाकाकूंच्या दारावर नोटीस चिकटवली. हातात नाही दिली, दारावर चिकटवली. सकाळी दूध आणायला निघालेल्या सगळ्यांनी ती वाचली. टेलरकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांनी वाचली. काकूंनी पाणी लावून ती उलथन्यानं खरवडून काढली. मी खिडकीतून पाहिलं, आईही पाहत होती. ती धावत समोर गेली. काकू वळल्या अन् एवढंच म्हणाल्या, "कुमुदताई, तुमच्यावर विसंबून होती मी." त्यांचा आवाज चढला नव्हता. आई तशीच परत आली अन् स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्या दिवसापासून वाटी बंद झाली.

पुढच्या संक्रांतीला आईनं हळदीकुंकू केलं. बायका आल्या. काकूंनी तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं, अन् समोरच्या अंगणात उन्हात गव्हाला चाळणी लावत बसल्या. आमच्याकडे तिळगूळ घेता घेता एकजण हसत म्हणाली, "कुमुदताई, यंदा काय माफ करून राहिल्या?" सगळ्या हसल्या. आईही हसली. त्या बाईच्या मनात वाईट नव्हतं, आमच्याकडे चेष्टा अशीच होते. पण नंतरच्या वर्षी आईनं हळदीकुंकू केलं नाही, अन् त्यानंतर कधीच केलं नाही. विचारलं की गुडघे दुखतात म्हणायची.

मला आजही राग आहे तो ह्याचा. टॅक्सचा नाही. टॅक्स द्यायला माझी ना नाही. नळाला पाणी पाहिजे, नाल्या साफ पाहिजेत, गल्लीत दिवा पाहिजे, तर पैसे द्यावेच लागतील. ते कोणी आकाशातून टाकत नाही. भैयाजींनी सभेत उभं राहून सांगितलं असतं, बाबांनो, राजधानी झाली आहे, थोडा भार उचलावा लागेल, तर माझ्या आईनं तेही घरोघर सांगितलं असतं. लोकांनी कुरकुर करून भरलं असतं. पण तसं बोललं तर समोरचा उमेदवार माफीची घोषणा करतो अन् मतं घेऊन जातो. म्हणून हाही करतो. दोघांनाही ठाऊक असतं की होणार नाही. ठाऊक नसतं ते आपल्याला.

मी शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात मंत्रालयात नोकरी केली. रिटायर होईपर्यंत रोज स्टाफ बसनं गेले. ते रुंद रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना रिकामी जमीन, अन् मधेच एखादी भली मोठी इमारत. बसमध्ये बसून मला नेहमी वाटायचं, हे सगळं कोणाच्या तरी टॅक्समधून झालं असेल, अन् त्याला ते दाखवायला इथपर्यंत बससुद्धा धड नाही. ऑफिसात मी एक गोष्ट पाहिली. रस्त्याची घोषणा झाली की फाईल उघडते. पुतळ्याची झाली की उघडते. कारण त्यात कापायला फीत असते, लावायला फलक असतो. कर माफ करण्याच्या घोषणेला काय असतं? काहीच दिसत नाही. माफ केलेला कर फोटोत येत नाही. उलट तिजोरीला भोक पडतं अन् पुढच्या पुलाला पैसे उरत नाहीत. म्हणून कोणी त्या घोषणेला हात लावत नाही. ती मोडावीसुद्धा लागत नाही, ती नुसती पडून राहते. अन् कर वाढतो तेव्हा घोषणा करणाऱ्याचं तोंड कुठेच नसतं. टेप घेऊन येतो एक गरीब कर्मचारी, शिव्या त्यानं खायच्या. मत मागताना जिचं तोंड वापरलं, ती माझी आई. टोमणे तिनं खायचे. ज्याचा शब्द, तो मात्र सत्काराचा हार घालून फिरतो. ह्याला मी राजकारण म्हणत नाही. माझ्या आईच्या बोलीत ह्याला हरामखोरी म्हणतात, अन् मी तेच म्हणीन.

आई गप्प बसली नव्हती. नोटिशीनंतर थोड्या दिवसांनी ती मला घेऊन भैयाजींच्या बंगल्यावर गेली. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, वाट पाहणारी माणसं, घोटभर चहाचे कप. बऱ्याच वेळानं आत बोलावलं. भैयाजी उठून उभे राहिले, वाकून नमस्कार केला. आईनं विचारलं, टॅक्सचं काय झालं. ते हसले. "माताजी, कुर्सी पर बैठे तब पता चला, खज़ाना खाली है. पहले मालूम होता तो बोलते ही नहीं."

आईचं हिंदी असंतसंच. पण ती म्हणाली, "भैयाजी, नई बहू भी पहले डब्बे खोलके देखती है, फिर मेहमान को जेवने बुलाती है." खोलीतले दोघंतिघं खाली पाहू लागले. भैयाजी हसतच राहिले. राजधानी, विकास, दिल्लीहून पैसा येतो आहे, थोडा सब्र. आईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, टॅक्स राहू द्या. माफ नाही झाला तर नाही झाला. तुम्ही एक काम करा. आमच्या पाऱ्यात या. चौकात उभे राहा अन् सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की शब्द मी दिला होता अन् मी मोडला. ह्या बाईचा त्यात दोष नाही.

एवढीच तिची मागणी. ना अर्ज, ना पैसा. त्याला दोन मिनिटं लागली असती अन् दमडी खर्च झाली नसती. खजिना रिकामा असो की भरलेला, एवढं तर कोणालाही देता येतं. भैयाजींनी छातीवर हात ठेवला. "हव माताजी. ज़रूर आऊँगा. इसी इतवार को."

त्या रविवारी आईनं सकाळी अंगण सारवलं, पोहे भिजवून ठेवले, बाबांना धुतलेला सदरा घालायला लावला. आणखी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्याचं धाडस आता तिच्यात उरलं नव्हतं. दुपारी पोहे आम्हीच खाल्ले. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा पोहे भिजवले.  बाबा वाद घालणारे गृहस्थ, पण त्या दिवशी गुपचूप जेवले अन् बाहेर खुर्ची टाकून बसले, जणू त्यांनाही कोणाची वाट होती. नंतर केव्हा तरी पोहे भिजवणं थांबलं. रस्त्यानं गाडी वाजली की आईची मान वळायची, ती सवय मात्र राहिली.

आधी बाबा गेले, मग काही वर्षांनी आई. आईच्या वेळी वत्सलाकाकू आल्या, पायाशी बसल्या, खूप रडल्या. तेराव्याला लाडूही त्यांनीच वळले. पण त्या एका गोष्टीवर त्या दोघी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. मी काकूंना कधी विचारलं नाही अन् त्यांनी कधी काढलं नाही.

हे सगळं माझ्या मुलाला माहीत आहे, तरी तो म्हणतो, ऐसा ही होता है. त्या दिवशी मी त्याला सुनावलं. म्हटलं, पाऊस येतो, ऊन पडतं, ते आपोआप होतं. हे आपोआप नाही होत. हे एक माणूस, जाणून-बुजून, दुसऱ्या माणसाच्या तोंडावर करतो. 'असंच असतं' म्हटलं की करणाऱ्याचं नाव पुसलं जातं. तुझी आजी 'असंच असतं' म्हणाली असती तर सुखानं झोपली असती. त्यानं लॅपटॉप मिटला. "सॉरी, मम्मी," म्हणाला. त्यानं सॉरी म्हणायचं कारण नव्हतं, पण निदान एकानं तरी म्हटलं.

चारच दिवस झाले असतील. दुपारचं ऊन अंगणात होतं. ढोल वाजला अन् माणसांचा घोळका गल्लीत आला. पुढे एक तरुण उमेदवार, हात जोडलेले, अन् त्याच्या खांद्याला धरून भैयाजी. म्हातारे झाले होते. ह्या वेळी त्यांचा हा मुलगा उभा होता, अन् भोंग्यातली ती टॅक्सची घोषणा त्याचीच. आमच्या दारापाशी ते थांबले. माझ्याकडे पाहून हसले. तेच हसू. "बेटा, माताजी कहाँ हैं? उनके हाथ का तिलगुड़ खाए हैं हम."

मी म्हटलं, "आई वारली." मग हिंदीत म्हटलं, "आप आने वाले थे. पारे में खड़े होके एक बात बोलने वाले थे."

"कौन सी बात, बेटा?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. जे माझ्या आईनं मरेपर्यंत उरात बाळगलं, त्याची त्यांना सावलीही आठवत नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं, पण ते आधीच घोळक्याकडे वळले होते. डोळ्यांत पाणी आणून मोठ्यानं म्हणाले, "बहुत नेक महिला थीं. चुनाव के बाद इस चौक का नाम उन्हीं के नाम पर रखवाएँगे. मेरा वचन है." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मेलेल्या बाईलाही ह्यानं सोडलं नाही.  मी विचारलं, "क्या नाम था उनका?"

टाळ्या थांबल्या. भैयाजींनी मुलाकडे पाहिलं. मुलानं शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्ता पुढे झाला अन् आमच्या दारावरची पाटी वाचू लागला. पाटीवर बाबांचं नाव आहे.

समोरच्या अंगणात वत्सलाकाकू उन्हाला बसल्या होत्या. त्यांना आता धड चालवत नाही. भिंतीला धरून त्या उठल्या, अन् फाटकापर्यंत आल्या.

"कुमुद," त्या म्हणाल्या. "कुमुद नाव होतं तिचं. अन् शब्द तू मोडला रे, तिनं नाही मोडला."

काकू मराठीत बोलल्या, पण त्या गर्दीत समजलं नाही असं कोणी नव्हतं.